आधी कागद बघ

पोरी,

तुझं पत्र वाचलं. सरपंचबाईंच्या नवऱ्यावर लिहिलंस म्हणून गावातून धमक्यांचे फोन आले, आणि डेस्कवरच्या कुणीतरी सुचवलं की राजकारण सोड, महिलांच्या पुरवणीत लिही. आता मला विचारतेस, दोन्हीतलं काय निवडू. हा प्रश्न तुझा नाहीच, त्या डेस्कचा आहे. तू एवढंच सांग, लिहिण्याआधी ग्रामपंचायतीचं प्रोसिडिंग बुक, सभांच्या नोंदींची वही, बघितलंस का? पत्रात त्याचं नावही नाही.

'बाईला कारभार करू देत नाहीत' हे मीसुद्धा बसल्या जागी लिहीन. त्या नवऱ्याचं त्याने काय बिघडतं? ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यावी लागते. धुळे जिल्ह्यातल्या एका गावात मी त्या सभेचं पान उघडलं होतं. सगळ्या सह्या एकाच निळ्या पेनाच्या, एकाच वळणाच्या. त्यातली एक बाई तर तेव्हा ऊसतोडीला गुजरातेत होती. तेवढंच छापलं, विशेषण एकही नाही. शिवीगाळीचा फोन आला नाही. ग्रामसेवक मात्र घरी येऊन बसले.

पंचायतीत बायकांना १९९३ पासून एकतृतीयांश जागा, २०११ पासून महाराष्ट्रात निम्म्या, हे आकडे भाषणात सगळेच सांगतात. १९६२ साली जळगावातून विधानसभेत गेलेल्या प्रतिभाताई पाटलांचं नावही सगळेच घेतात. लोकसभा-विधानसभेचं आरक्षण २०२३ साली मंजूर झालं तेव्हा पेढे वाटले गेले. पण ते जनगणना आणि मतदारसंघांच्या फेररचनेनंतर लागू होणार, हे त्याच कायद्यात लिहिलं होतं. पेढे वाटणाऱ्यांपैकी किती जणांनी ते वाचलं? तू तरी वाच. कागद वाच गं!

जमिनीचंही तेच. १९९४ साली महाराष्ट्राने मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतका हक्क दिला, पण आधी लग्न झालेल्या मुली वगळून. ती अट गेली २००५ च्या केंद्राच्या दुरुस्तीने. आणि आपल्याकडे आजही आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेक माहेरी आली, की झोक्यावरून उतरवून तिला हक्कसोडपत्रावर सही करायला नेणारे भाऊ आहेत. ही बातमी कोणत्या पानावर लावतील तुझे डेस्कवाले? लेखात 'अन्याय' हा शब्द नसला तरी चालेल. सातबारा काढ, कुणाचं नाव कधी कमी झालं तो फेरफार नंबर लिही.

मी सही केली नाही. त्यानंतर आखाजीला मला घ्यायला मुराळी आला नाही. वहिनी लग्नाकार्यात भेटली तर दुरूनच हसते. लोक म्हणतात, बाई हक्काचं लिहून लिहून माहेर घालवून बसली. वाईट वाटतं, नाही कशाला म्हणू? पण मी काही मागायला गेले नव्हते, जे होतं ते सोडलं नाही इतकंच. सही करून पुढच्या आठवड्यात कोणत्या तोंडाने सदर लिहिलं असतं? त्या केळीच्या बागेच्या उताऱ्यावर माझं नाव आहे. दरवर्षी तो काढते, काही काम नसलं तरी.

असो. सोमवारी पंचायतीत जा. प्रोसिडिंग दाखवत नाही म्हणाले तर माहिती अधिकाराचा अर्ज दे, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लाव, पोच घेतल्याशिवाय उठू नकोस. तीस दिवसांत उत्तर द्यावंच लागतं. सह्यांचं पान मिळालं की मला फोन कर. दुपारी नको, मी झोपलेली असते.