खाडीतला फेस, मिसरी आणि बुरशीचं खोबरं : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात रोजच्या जगण्यातल्या केमिकल्सवर लिहिलं होतं, त्यावर पत्रं आणि व्हॉट्सॲप मेसेज एवढे आले की निम्मे बाजूला ठेवावे लागले. बहुतेकांचा प्रश्न एकच, ह्याने कॅन्सर होतो का. नावं छापत नाही, गावात उगाच चर्चा नको.

ताई, आमची वाडी खाडीच्या काठाला, वरच्या अंगाला केमिकलची एमआयडीसी. पहिल्या पावसात पाण्याला फेस येतो, मासे मरून वर येतात, वास तर बारमाही. वाडीत कॅन्सरचे पेशंट वाढलेत, एकाला तोंडाचा, एका वहिनींना छातीचा, शेजारच्या काकांना लिव्हरचा. तक्रार केली की रिपोर्ट येतो, सगळं लिमिटच्या आत. लिमिटच्या आत आहे तर मग हे काय चाललंय? (रत्नागिरी जिल्हा)

आधी मासे आणि कॅन्सर हे दोन विषय वेगळे करूया. मासे एका रात्रीत मरतात ते बहुतेक वेळा पाण्यातला ऑक्सिजन संपल्यामुळे, नाहीतर काहीतरी जहाल एकदम सोडल्यामुळे. कॅन्सर असा रातोरात होत नाही, पेशी बिघडत बिघडत गाठ होईपर्यंत दहा-वीस वर्षं सहज जातात, ॲस्बेस्टॉसच्या बाबतीत तर तीस-चाळीस. म्हणजे मेलेले मासे हा कॅन्सरचा पुरावा नाही, पण कुणीतरी नियम मोडतोय अशी दाट शंका घ्यायला तेवढं पुरे, आणि तक्रार त्याचीच करा. त्यात कॅन्सर घातलात की समोरचा म्हणणार सिद्ध करा, आणि मूळचा फेस राहतो बाजूला.

आता लिमिटचं. हा प्रश्न तुम्ही अगदी बरोबर जागी विचारलाय. लिमिट ठरते ती एकेका केमिकलची, सुटी सुटी. आणि एखादं केमिकल कॅन्सरवालं आहे का हे बघायच्या टेस्टमध्ये बरीच वर्षं भर होता तो डीएनए बिघडतो का ह्यावर, ब्रूस एम्सची 1973 ची बॅक्टेरियावरची प्रसिद्ध टेस्ट हेच बघते. पण डीएनए बिघडला म्हणजे लगेच कॅन्सर होत नाही. बिघडलेल्या पेशीला थांबवणारं पी-53 नावाचं जीन असतं, ते बंद पडावं लागतं. खराब पेशी स्वतःच मरून जाते, ते मरणं टळावं लागतं, वाढीचा सिग्नल सतत चालू राहावा लागतो, गाठीला रक्त पुरवायला नव्या रक्तवाहिन्या फुटाव्या लागतात, मग बाजूच्या भागात घुसणं. हानाहान आणि वाइनबर्ग ह्या दोघा शास्त्रज्ञांनी 2000 साली अशा सहा गोष्टी मांडल्या, 2011 मध्ये त्यात भर घातली. ह्यातली एखादीच गोष्ट करणारी केमिकल्स असतात, ती डीएनएला हातसुद्धा लावत नाहीत आणि एकट्याने कॅन्सरही करत नाहीत, म्हणून जुन्या टेस्टमध्ये आरामात पास होतात.

2015 मध्ये 28 देशांतल्या 174 शास्त्रज्ञांनी मिळून नेमकं हेच तपासलं, हॅलिफॅक्स प्रोजेक्ट म्हणतात त्याला. कॅन्सरकारक न मानलेली 85 केमिकल्स घेतली, आजूबाजूला असतात तेवढ्या कमी प्रमाणात ती पेशीत काही ढवळाढवळ करतात का ते जुन्या संशोधनातून शोधलं, आणि 50 केमिकल्सबाबत करतात असा पुरावा निघाला. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, एकट्या माणसाने ओढून येत नाही पण दोन्ही दोऱ्यांना माणसं लागली की येते ना, तसं ही केमिकल्स मिळून काम करत असतील असं त्यांचं म्हणणं. असतील, हा शब्द महत्त्वाचा, माणसांमध्ये हे सिद्ध झालेलं नाही. पण "लिमिटच्या आत" हे वाक्य म्हणजे शेवटचा शब्द नाही एवढं मात्र त्यातून नक्की कळतं.

आता न आवडणारी गोष्ट. तुमच्या वाडीतल्या तिघांचं खापर एमआयडीसीवर फोडायला मी धजणार नाही. तिन्ही कॅन्सर वेगळे आहेत, आणि तिन्हींची नेहमीची कारणं वेगळी आहेत. तोंडाचा म्हटलं की पहिला प्रश्न तंबाखू-सुपारीचा, लिव्हरचा म्हटलं की कावीळ बी, कावीळ सी आणि दारूचा. केमिकलचा संशय पक्का होतो तो एरवी सहसा न दिसणारा एकच कॅन्सर एकाच ठिकाणी पुन्हा पुन्हा दिसला की. अमेरिकेत केंटकीमधल्या एका पीव्हीसी कारखान्यात 1974 मध्ये मोजक्याच कामगारांना लिव्हरचा अँजिओसार्कोमा निघाला, एवढा दुर्मिळ की डॉक्टर चक्रावले, आणि तिथून व्हिनाइल क्लोराइड, ज्यापासून पीव्हीसी बनतं ते केमिकल, पकडलं गेलं. आकडा छोटाच होता, पण कॅन्सर एकच होता. तेव्हा वाडीतली यादी करणार असाल तर नुसतं "कॅन्सर" लिहू नका, कुठला, वय किती, काम काय केलं, व्यसन होतं का, हे लिहा.

आणि विहिरीचं पाणी तपासून घ्याच. पीएच आणि क्षार बघून सोडून देऊ नका, आर्सेनिक, क्रोमियम, शिसं ह्यांची टेस्ट नाव घेऊन मागा. पिण्याच्या पाण्यात आर्सेनिकची मर्यादा लिटरमागे 0.01 मिलिग्रॅम आहे. सीईटीपीच्या, म्हणजे कारखान्यांचं सांडपाणी एकत्र शुद्ध करणाऱ्या प्लँटच्या, आउटलेटचे रिपोर्ट आरटीआयमध्ये मागता येतात, आणि मागताना तारखा पावसाळ्यातल्या मागा, कारण फेस तेव्हाच येतो म्हणताय.

सासूबाई रोज सकाळ-संध्याकाळ मिसरी लावतात. बोलले की म्हणतात माझी आजी नव्वद वर्षं जगली, मिसरीने काय होतंय. तंबाखू खात नाहीत, "फक्त दाताला" लावतात. (मालवण)

मिसरी म्हणजे तव्यावर भाजून वाटलेला तंबाखूच की हो. दाताला लावा, गालात ठेवा, लाळेत उतरायचं ते उतरतंच. तंबाखू सुकवताना-मुरवताना त्यात नायट्रोसामाइन तयार होतात, त्यातली एनएनएन आणि एनएनके ही दोन जागतिक आरोग्य संघटनेच्या आयएआरसी ह्या संस्थेने पहिल्या गटात टाकलीयेत, म्हणजे माणसाला कॅन्सर करतात ह्याबद्दल शंका उरलेली नाही. गंमत अशी की आपलंच शरीर त्यांना बाहेर टाकण्यासाठी बदलायला जातं आणि त्या बदलात ती डीएनएला चिकटणारी होतात. एका पेशीत डीएनएची साधारण 600 कोटी अक्षरं, चिकटलेलं काढून दुरुस्त करणारी यंत्रणा पण आहे, पण दिवसातून दोनदा वर्षानुवर्षं तोच मारा झाला की एखादी दुरुस्ती चुकते, ती चूक पुढच्या पेशीत कॉपी होते. आजींची चुकली नाही, किंवा चुकली ती बिनकामाच्या जागी. ज्यांची नको तिथे चुकली त्यांच्या सुना मला पत्र लिहीत नाहीत.

आणि तुमच्याकडे जेवणावर सुपारी चालत असेलच. तंबाखू नसलेली सुपारीसुद्धा आयएआरसीच्या पहिल्या गटात आहे, 2004 पासून. श्रीवर्धनच्या वाचकांनी रागावू नये, तिथली रोठा सुपारी झकासच असते, पण सुपारीने गालाच्या आतली कातडी कडक होत जाते, तोंड उघडेनासं होतं, आणि ती कडक झालेली जागा पुन्हा पहिल्यासारखी होत नाही. सासूबाईंना आरशासमोर स्वतःची तीन बोटं उभी तोंडात घालून बघायला सांगा. जात नसतील, किंवा पांढरा-लाल चट्टा असेल, किंवा दोन आठवडे न भरणारी जखम असेल तर डेंटिस्टकडे न्या, भांडू नका.

पावसात खोबऱ्याला बुरशी येते, पुसून, उन्हात ठेवून वापरते. चालेल ना? शेंगदाणे पण भाजून घेते. (गुहागर)

नाही चालणार. हिरवट-पिवळी बुरशी ॲस्परजिलसची असू शकते आणि ती अफ्लाटॉक्सिन सोडते. बुरशी पुसली जाते, विष आत मुरलेलं राहतं, आणि भाजून, शिजवून ते पूर्ण जात नाही. 1960 मध्ये इंग्लंडमध्ये लाखभर टर्की पक्षी पटापट मेले तेव्हा बुरशीच्या शेंगदाणा पेंडीतून हे पहिल्यांदा सापडलं. आपल्याकडे 1974 मध्ये राजस्थान-गुजरातच्या सीमेवर बुरशीचा मका खाऊन शंभरावर माणसं दगावली. ते एकदम जास्त खाल्ल्याचं. थोडं थोडं वर्षानुवर्षं पोटात गेलं तर ते लिव्हरमध्ये पी-53 जीनच्या ठराविक जागी, 249 नंबरच्या कोडॉनवर (कोडॉन म्हणजे डीएनएच्या तीन अक्षरांचा शब्द), खूण ठेवून जातं, एवढी नेमकी की गाठ तपासून अंदाज करता येतो. ज्यांना कावीळ बी आहे त्यांना धोका नुसता वाढत नाही, गुणाकाराने वाढतो. म्हणून बी ची लस घ्या, आणि असं खोबरं तेलाच्या घाण्यावर पण देऊ नका, घाण्याच्या तेलात ते उतरतं. वाटी फोडली की कडक वाळवून हवाबंद डब्यात. जीव तुटतो टाकताना, माहितेय.

न्हाणीतली चूल पेटवायला प्लास्टिकच्या पिशव्या, जुन्या चपला टाकतो, ओली लाकडं लवकर पेटतात. धूर तर बाहेर जातो. (देवगड)

बाहेर म्हणजे शेजाऱ्याकडे. लाकडाच्या धुरातसुद्धा बेंझोपायरीन असतं, विड्या-सिगारेटच्या धुरात असतं तेच, ते डीएनएला चिकटतं. प्लास्टिक, त्यातून पीव्हीसीची चप्पल किंवा पाइप, असं कमी आचेवर धुमसलं की वर डायॉक्सिन तयार होतात. डायॉक्सिन डीएनए तोडत नाही, पेशीतल्या एका रिसेप्टरला, म्हणजे सिग्नल पकडणाऱ्या प्रोटीनला, जाऊन बसतं आणि नको ती जीन्स चालू करतं, शिवाय चरबीत साठतं आणि निम्मं कमी व्हायला सात-आठ वर्षं लागतात. म्हणजे न्हाणीत बेंझोपायरीन आणि डायॉक्सिन, दोघांची तुम्ही रोज गाठ घालून देताय. पहिल्या प्रश्नाचं उत्तर वाचा म्हणजे मी का वैतागलेय ते कळेल. नारळाच्या चोडणांचा आणि झावळ्यांचा एवढा ढीग असतो आपल्याकडे, पावसाआधी पडवीत भरून ठेवा.

कार्बाइडचा आंबा खाऊन कॅन्सर होतो का? (अलिबाग)

कार्बाइडला ओल लागली की ॲसिटिलिन निघतो, त्याने आंबा पिकतो. भीती त्या गॅसची नाही, कार्बाइडमध्ये भेसळीसारखं येणारं आर्सेनिक आणि फॉस्फरसची. बंदी आहेच, आणि असावीच, सगळ्यात जास्त त्रास होतो तो ते हाताळणाऱ्या पोरांना. इथिलीन गॅसने पिकवायला परवानगी आहे, 100 पीपीएमपर्यंत, म्हणजे दहा लाख भागांत 100 भाग. एखाद-दुसरी पेटी खाल्लीत म्हणून झोप उडवू नका, साल धुऊन खा.

कोकमाने कॅन्सर बरा होतो असा मेसेज फिरतोय, खराच काय ता? (कुडाळ)

खरा नाय. कोकमातल्या गार्सिनॉलने प्रयोगशाळेत डिशमधल्या कॅन्सरच्या पेशी मरतात, तेवढंच खरं आहे, आणि डिशमध्ये पेशी बऱ्याच गोष्टींनी मरतात. सोलकढी जेवणावर खुशाल प्या. पण घरात कुणी केमो सोडून कोकमाचं आगळ प्यायला लागलं असेल तर मला पत्र नको, त्यांच्या डॉक्टरला आजच फोन करा.