‘डेस्कवर गेले की तिथंच गाडली जाईन’

प्रिय ताई,
मी २३ वर्षांची आहे. पत्रकारितेची पदवी झाली, टीव्हीवर अँकर व्हायचंय. आठ महिने शोरील, म्हणजे माझ्या कामाचा नमुना-व्हिडिओ, पाठवतेय, कुणाचं उत्तर नाही. आता एका वाहिनीत असाइनमेंट डेस्कवर, म्हणजे बातम्या गोळा करून बातमीदारांना कामं वाटणाऱ्या टेबलावर, नोकरी मिळतेय, तीही रात्रपाळीची. दुसरीकडे अँकरिंगचा सहा महिन्यांचा कोर्स आहे, फी भरपूर. मैत्रिणी म्हणतात, डेस्कवर गेलीस की तिथंच गाडली जाशील. शिवाय माझा आवाज पातळ आहे. काय करू?
– पडद्याआड

पडद्याआड,

डेस्क घे.

कॅमेऱ्यापुढच्या प्रॉम्प्टरवर सरकणारा मजकूर सरावानं कुणालाही वाचता येतो. कस लागतो तो प्रॉम्प्टर रिकामा झाल्यावर. मोठी बातमी फुटलीय, हातात दोनच ओळी आहेत आणि कानात प्रोड्यूसर ओरडतोय, ‘ताणत राहा, फोनो जोडतोय!’ (फोनो म्हणजे फोनवरून थेट बोलणारा माणूस.) तेव्हा काय बोलायचं नाही, हे आधी ठाऊक असावं लागतं.

२२ नोव्हेंबर १९६३ला अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या, तेव्हा सीबीएस या अमेरिकी वाहिनीच्या न्यूजरूममधला कॅमेरा तापलेला नव्हता; तेव्हाचे कॅमेरे तापल्याशिवाय चालत नसत. तिथले अँकर वॉल्टर क्रॉन्काइट यांनी पहिली बातमी दिली ती नुसत्या आवाजावर, पडद्यावर फक्त पाटी. पुढे डॅलसहून त्यांच्याच बातमीदारानं अध्यक्ष गेल्याचं कळवलं, तरी ‘अधिकृत दुजोरा अजून नाही’ हे ते सांगत राहिले. दुजोऱ्याचा कागद हातात आल्यावरच त्यांनी मृत्यूची वेळ वाचली. हे क्रॉन्काइट आधी युनायटेड प्रेस या वृत्तसंस्थेचे बातमीदार होते. ही सवय स्टुडिओतल्या दिव्यांखाली लागत नाही गं.

ती मला कशी लागली, सांगते. माझ्या पहिल्याच रात्रपाळ्यांमध्ये एका अपघाताच्या दोन बातम्या दोन ठिकाणांहून आल्या. एकीत सात मृत, दुसरीत पाच. मी शहाणीनं बेरीज केली! टिकरवर, म्हणजे पडद्याखालच्या पट्टीवर, बारा मृत फिरले. अपघात एकच होता आणि पाचचा आकडा जुना होता. त्या रात्रीपासून आकडा कुणी दिला आणि किती वाजता दिला, हे विचारल्याशिवाय माझा हात कीबोर्डवर जात नाही.

डेस्कवर दुसरी गोष्ट मिळते, ती कानासाठी लिहिण्याची. हे वाक्य मोठ्यानं वाच: ‘मुसळधार पावसामुळे नदीने धोक्याची पातळी ओलांडल्याने प्रशासनाने नदीकाठच्या रहिवाशांना सुरक्षित स्थळी स्थलांतरित करण्याचा निर्णय घेतला आहे.’ दम लागला ना? आता हे वाच: ‘नदीनं धोक्याची पातळी ओलांडलीय. काठावरच्या लोकांना हलवायचं ठरलंय.’ सोळा शब्दांचे आठ झाले. पावसाचं काय? तो मागच्या दृश्यांत कोसळतोच आहे. पण घाईत ‘ठरलंय’चं ‘हलवलंय’ केलंस, तर एका शब्दात बातमी खोटी झाली. काठावर माणसं अजून घरातच आहेत. रोज बातम्यांच्या दहा कॉपी अशा सोडव. वर्षभरात तुझी पीटीसी, म्हणजे कॅमेऱ्याकडे बघून बोलणं, आपोआप सुधारेल, कारण तुझी वाक्यं तुझ्याच श्वासाच्या मापाची होतील.

आवाजाचं म्हणशील, तर पातळ आवाजानं कुणाचं अडत नाही. अडतं ते घशातून आवाज ओढून जाड करायला गेल्यावर. ते नाटकी वाटतं आणि घसाही बसतो. स्क्रिप्टवर श्वासाच्या जागी तिरकी रेघ मार, महत्त्वाचा शब्द अधोरेखित कर, फोनवर रेकॉर्ड करून दुसऱ्या दिवशी ऐक. त्याच दिवशी ऐकलंस तर स्वतःचे लाड करशील. वाक्याचा शेवट गिळतेस का, एवढंच आधी तपास.

कोर्स सगळेच फसवे नसतात. पण फी भरण्याआधी विचार, की कॅमेऱ्यासमोर आठवड्याला किती वेळ उभं करणार आणि तुमच्याकडून बाहेर पडलेल्यांचं काम दाखवता का. गुळमुळीत उत्तर आलं तर उठून ये. मेकअप आणि हातवारे शिकायला सहा महिने लागत नाहीत.

आता शोरील. तू पाठवलीस ती मी पाहिलेली नाही, पण पैज लावते, सुरुवातीला संगीत आहे, तुझं नाव उडत येतंय आणि मग कोट घालून तू भिंतीसमोर कालच्या बातम्या वाचतेयस. बघणारा अर्ध्या मिनिटात पुढच्या नावाकडे जातो. पहिल्या दहा सेकंदांत तू रस्त्यावर हवीस, खऱ्या घटनेपाशी, एखाद्या माणसाला नेमका प्रश्न विचारताना. दोन मिनिटांत संपव.

गाडली जाण्याची भीती मात्र खोटी नाही. डेस्कवर कामाची पोरगी सापडली की साहेब तिला सोडत नाहीत. म्हणून होकार कळवायच्या आधीच विचार, की सुट्टीच्या दिवशी क्रूबरोबर फील्डवर जाऊ द्याल का. दीड वर्षाची मुदत स्वतःशी ठरव आणि कॅमेरामनशी मैत्री ठेव. बातमीदार वेळेवर पोचला नाही की बूम, म्हणजे वाहिनीचा माइक, कुणाच्या हातात द्यायचा, हे पुष्कळदा जागेवर असलेलं माणूसच ठरवतं. दीड वर्षात एकही लाइव्ह मिळाला नाही, तर हीच शोरील घेऊन दुसरं दार वाजव. तोवर तिच्यात भिंत नसेल.

– ताई