ऑनलाइन मागवलेल्या नव्या माउथ ऑर्गनची काही होलं नीट वाजत नाहीत. विक्रेता परत घेत नाही. काय करू?

तुमच्या प्रश्नात तीन तक्रारी आहेत. सी स्केलच्या, दहा होलच्या नव्या माउथ ऑर्गनवर २ नंबरचा ड्रॉ (हवा आत ओढून वाजवायचा सूर) जवळपास वाजतच नाही, ७ नंबरच्या ड्रॉमधून नुसती हवा येते आणि ५ नंबरच्या ड्रॉला खरखर आहे. त्यात विक्रेता म्हणतोय की तोंडाला लावलेली वस्तू परत घेत नाही. घरी दुरुस्त करता येईल का, हेही तुम्ही विचारलंय.

माझ्या मते पहिल्या दोन तक्रारींमागे वाद्याचा दोष बहुधा नाही. तिसरी मात्र दोषाचीच दिसते, आणि वाद्य बदलून मागायला ती एकटी पुरेशी आहे. विक्रेत्याला पुढचा मेसेज पाठवण्याआधी, आणि मुख्य म्हणजे स्क्रूला हात लावण्याआधी, दोष कोणता आणि श्वासाचा प्रश्न कोणता हे वेगळं काढा. मी बरीच वर्षं हे वाद्य वाजवतोय आणि नव्याने शिकणाऱ्यांची वाद्यं तपासून देतो. ‘खराब आहे’ म्हणून माझ्याकडे येणाऱ्यांत धडधाकट वाद्यं पुष्कळ असतात. उलटंही घडतं, आणि त्याचं मला जास्त वाईट वाटतं. खरोखर सदोष वाद्य हाती आलेला माणूस ‘आपल्यालाच जमत नाही’ असं समजून ते कपाटात ठेवून देतो आणि शिकणंच सोडतो.

आधी २ नंबर घेऊ. सी स्केलवर २ चा ड्रॉ म्हणजे मंद्र पंचम. दहा होलच्या डायटॉनिकवर (तुमचं वाद्य याच प्रकारचं) नव्या माणसाला सगळ्यात जास्त छळणारा सूर हाच. खालच्या सुरांच्या रीड, म्हणजे हवेने थरथरून सूर काढणाऱ्या आतल्या पितळी पट्ट्या, लांब असतात. ओठ आवळून, जीभ वर चढवून जोरात हवा ओढली की ही रीड दबते, सूर खाली घसरतो किंवा पार गप्प होतो. पुढे याच गुणामुळे सूर वाकवता येतो, पण सुरुवातीला तो दोषच वाटतो. खात्री करायची असेल तर तोंड चांगलं उघडून १, २, ३ ही तिन्ही होलं एकत्र ओढा. श्वास हळू घ्या, पोटातून घ्या, जबडा सैल सोडा. रे, प, नी असे तीन सूर एकत्र ऐकू यायला हवेत. त्यात पंचम असेल तर रीड ठीक आहे. आता ३ नंबर फुंकून बघा, तोही हाच पंचम आहे. त्याचा आवाज कानात ठेवून २ चा ड्रॉ परत परत हळू घेत राहा. नाकातून हवा शिरत असेल तर हा सूर कधीच भरत नाही, म्हणून एकदा नाक चिमटीत धरूनही करून बघा.

७ नंबरच्या ड्रॉचं कारण वेगळं. ४ पासून ६ पर्यंत आधी फुंकायचं, मग ओढायचं असा क्रम असतो: सा-रे, ग-म, प-ध. सातव्या होलला तो उलटतो. नी ओढून येतो आणि वरचा सा फुंकून. सहाव्याचा ध ओढून झाल्यावर लगेच पुन्हा ओढायचं असतं. तोपर्यंत छाती भरलेली असते आणि नी ला श्वासच उरत नाही. श्वास पूर्ण सोडून द्या, फक्त ७ वर ओठ ठेवा आणि अगदी हलका ओढा. वाजला तर रीड चांगली आहे. हलक्यात हलक्या श्वासालाही, आणि वाजवणाऱ्या दुसऱ्या कुणी बघूनही, हवाच येत असेल तर रीडची फट जास्त राहिली आहे असं समजायला हरकत नाही. ही फट म्हणजे रीडचं टोक खाचेपासून किती वर उचललेलं आहे ते अंतर. ती फार मोठी असली की रीड हवा खाते आणि उशिरा बोलते. फार लहान असली तर जरा जोर लावताच गुदमरते.

५ नंबरची खरखर मी वेगळी काढतो, कारण श्वासाच्या चुकीने धातूसारखी खरखर सहसा येत नाही. पितळेची पट्टी स्वतःएवढ्याच खाचेत थरथरत असते आणि दोन्ही बाजूंना केसाएवढीच जागा असते. बसवताना ती किंचित तिरकी राहिली, किंवा खाचेच्या कडेला धातूचा बारीक कंगोरा राहिला, की पट्टी कडेला घासते. दोन गोष्टी मात्र आधी बघून घ्या. वाद्य होलांच्या बाजूने तळहातावर हलकं आपटा, लाळेचा थेंब किंवा धागा अडकला असेल तर सुटून येईल. मग वरचं-खालचं कव्हर अंगठ्याने घट्ट दाबून तोच सूर वाजवा. खरखर थांबली तर कव्हर सैल आहे, रीड नाही. हळू श्वासालाही आणि मोठ्या श्वासालाही ती तिथेच राहिली तर हा कारखान्यातला दोष आहे आणि त्यात तुमचा काही संबंध नाही.

ट्यूनर अ‍ॅप लावून सूर तपासणार असाल तर एक सांगतो, कारण त्यावरूनही चांगली वाद्यं परत गेलेली पाहिली आहेत. श्वासाच्या दाबाने सूर थोडा उतरतो म्हणून अनेक कंपन्या वाद्य मुद्दाम जरा चढं लावतात, ४४० ऐवजी ४४२ च्या आसपास. त्यामुळे अ‍ॅपवर सगळेच सूर साधारण ८ सेंट चढे दिसू शकतात (पेटीच्या लगतच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराचा शंभरावा भाग म्हणजे एक सेंट). शिवाय काही मॉडेल्समध्ये गंधार बाकीच्या सुरांपेक्षा दहा-बारा सेंट उतरवलेला असतो. तो सा आणि प बरोबर एकत्र गोड लागावा म्हणून. तानपुऱ्यावर गाणाऱ्याला हे सांगावं लागणार नाही. आपला शुद्ध गंधारही पेटीच्या गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट खालीच असतो. दोष ओळखायचा असेल तर अ‍ॅपपेक्षा सप्तकं जुळवा. मधली होलं जिभेने झाकून १ आणि ४ एकत्र फुंका, मग ४ आणि ७. दोन सा एकमेकांत मिसळून गेले पाहिजेत. आवाज लाटेसारखा हेलकावत राहिला तर दोघांपैकी एक सूर बिघडलेला आहे.

मूळ रचनेमुळेच नसलेले सूरही लोक दोष म्हणून कळवतात. सी स्केलच्या या वाद्यावर खालच्या सप्तकात सरळ वाजवून म आणि ध मिळत नाहीत, आणि सगळ्यात वरच्या सप्तकात नी मिळत नाही. पूर्ण सरगम ४ ते ७ मध्येच आहे. आणि आपल्याकडे जे चोवीस होलचे ट्रेमोलो खूप विकले जातात, त्यांच्यात एकाखाली एक असलेल्या होलांची प्रत्येक उभी जोडी एकतर फुंकून वाजते किंवा ओढून. दोन्हीने नाही. ‘अर्धी होलं बंद आहेत’ ही तक्रार बहुतेक वेळा इथूनच येते. ट्रेमोलोत प्रत्येक सुराला दोन रीड असतात आणि त्या जरा वेगळ्या लावलेल्या असतात, त्यामुळे आवाज थरथरतो. एखाद्या सुरावर ती थरथर गायब असेल तर खालची ओळ जाड कागदाने झाकून वाजवा, मग वरची. एक बाजू मुकी निघाली तर तो मात्र खरा दोष.

आता विक्रेत्याचं. तोंडाने वाजवायची वस्तू ‘आवडली नाही’ म्हणून परत घेऊ नये, हे मला पटतं. दुसऱ्याने वाजवलेला माउथ ऑर्गन नवा म्हणून कुणालाच नको असतो. पण सदोष वस्तूला हे लागू होत नाही. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० प्रमाणे वस्तू सदोष असेल, बनावट असेल किंवा जाहिरातीत सांगितल्यासारखी नसेल, तर विक्रेत्याला ती परत घ्यायला नकार देता येत नाही. पानावर ‘परत घेतली जाणार नाही’ असं लिहिलेलं असलं तरीही. म्हणून परतीचं कारण निवडताना ‘सदोष आहे’ हेच निवडा. घाईत भलताच पर्याय निवडला गेला की प्रकरण उगाच लांबतं.

आज एक छोटा व्हिडिओ काढा. वाद्यावरचं नाव आणि स्केलचं अक्षर आधी दाखवा, मग ४, ५, ६ चे ड्रॉ ओळीने वाजवा, म्हणजे मधल्याचीच खरखर ऐकणाऱ्याला कळेल. डबीवरच्या लेबलचा फोटोही घ्या. परदेशातून आलेल्या वाद्यावर आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता आणि कोणत्या देशात बनलं हे छापलेलं असायला हवं. ते नसेल तर तोही मुद्दा तक्रारीत घाला. मेसेज चार ओळींचा पुरे: ‘५ नंबर होलचा ड्रॉ पहिल्या दिवसापासून खरखरतो. व्हिडिओ जोडला आहे. हा निर्मितीतला दोष आहे. ई-कॉमर्स नियम, २०२० नुसार वाद्य बदलून द्यावं किंवा पैसे परत करावेत.’ २ आणि ७ चा उल्लेख यात करू नका. समोरच्याने वाजवून पाहिलं आणि ते दोन नीट वाजले तर तुमची खरी तक्रारही डळमळीत होईल.

विक्रेता ऐकत नसेल तर त्या वेबसाइटच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लिहा. त्याने ४८ तासांत पोच द्यायची असते आणि महिनाभरात निकाल लावायचा असतो. माझ्या एका ट्रेमोलोच्या वेळी विक्रेता ‘स्वच्छतेच्या कारणास्तव’ एवढंच पुन्हा पुन्हा लिहीत होता. या अधिकाऱ्याकडे व्हिडिओसह तक्रार गेल्यावर नवीन वाद्य आलं, वेगळं भांडावं लागलं नाही. त्याही पुढे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, नंबर १९१५, तिथे मराठीत बोलता येतं. अगदीच वेळ आली तर आपल्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते. विक्रेता दिल्लीचा असला म्हणून दिल्लीला जावं लागत नाही, आणि पाच लाखांपर्यंतच्या वस्तूसाठी शुल्क नाही.

दुरुस्तीबद्दलही विचारलं आहे तुम्ही. परतीची मुदत चालू असेतोवर अजिबात उघडू नका. स्क्रूवर ओरखडा दिसला की दोष तुमच्या माथी मारायला त्यांना निमित्त मिळतं. मुदत संपलेली असेल किंवा वाद्य इतकं स्वस्त असेल की पाठपुरावा करण्यात अर्थ नाही, तर मात्र जरूर उघडा. ड्रॉच्या रीड खालच्या प्लेटवर बाहेरच्या बाजूला असतात, म्हणून खालचं कव्हर काढलं की पाचवी समोर दिसते. मोजताना सगळ्यात लांब रीडपासून मोजा, तीच १ नंबर. वाद्य उजेडासमोर धरलं तर रीडच्या दोन्ही कडांना प्रकाशाची सारखी रेघ दिसायला हवी. एका बाजूला रेघ नसेल तर तिथेच घासतंय. गॅरेजमध्ये फीलर गेज असतं, त्यातलं सगळ्यात पातळ, ०.०५ मिलिमीटरचं पातं त्या कडेने हळूच फिरवा. कचरा किंवा कंगोरा निघून जातो आणि पुष्कळदा तेवढ्यानेच काम होतं. रीड तिरकी असेल तर ती रिव्हेटजवळ, म्हणजे जिथे ती प्लेटला जडवलेली असते तिथे, अगदी नकळत सरकवायची. टोकाला धरून वाकवायची नाही. सूर चढवायला रीड टोकाकडे खरवडतात आणि उतरवायला मुळाकडे. पेटीचे सूर लावणारे हेच करतात, त्यामुळे जवळपास असा कारागीर असेल तर त्याचा हात तुमच्या-माझ्यापेक्षा हलका असेल. पाण्यात बुडवून धुण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. आतला सांगाडा लाकडी असेल तर तो फुगतो.

काही शे रुपयांच्या खेळण्यातल्या वाद्यावर मात्र ही मेहनत घेऊ नका. त्यांच्यात चहूबाजूंनी हवा गळते, एक रीड सुधारली तरी वाद्य सुधारत नाही. पैसे परत मिळाले आणि थोडी भर घालता आली तर प्लॅस्टिकच्या सांगाड्याचं, स्क्रूने जोडलेलं वाद्य घ्या. होनरचं स्पेशल २० किंवा टोम्बो कंपनी बनवते ते ली ऑस्कर, दोन्ही शिकायला उत्तम आहेत. ली ऑस्करच्या रीड प्लेट सुट्या मिळतात, म्हणजे पुढे एखादी रीड गेली तरी अख्खं वाद्य टाकावं लागत नाही. अनोळखी विक्रेत्यापेक्षा वाद्यांच्या दुकानाच्या स्वतःच्या वेबसाइटवरून मागवा आणि पाठवण्याआधी सगळी होलं तपासायला सांगा. रीड तपासण्यासाठी छोटा भाता मिळतो, तोंड न लावता काम होतं. काही दुकानदार तेवढं आनंदाने करतात.

बदली वाद्य आलं की डबी उघडतानाच व्हिडिओ चालू ठेवा आणि १ पासून १० पर्यंत सगळे ब्लो (फुंकून), मग सगळे ड्रॉ, हळू श्वासाने एकदा वाजवून घ्या. २ चा ड्रॉ त्यातही अडलाच, तर तो कसा सोडवायचा हे खाली कमेंटमध्ये विचारा. मी सविस्तर लिहीन.