बेळगावात एमएस्सी करतोय, हॅन्लेच्या दुर्बिणीचा स्पेक्ट्रम प्रोसेस करायचाय पण आयरॅफ इन्स्टॉल होईना. काय करू?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात. एक म्हणजे विंडोज ११ च्या लॅपटॉपवर आयरॅफ, म्हणजे दुर्बिणीच्या फ्रेममधून स्पेक्ट्रम (वेव्हलेंग्थनुसार पसरलेला प्रकाश) काढायचं सॉफ्टवेअर, बसत नाही, आणि दुसरं म्हणजे ते जुनं झालंय तर सोडून थेट पायथनकडं वळू का. मी बेळगावातच फिजिक्स शिकवतो, निपाणी, चिकोडी, खानापूरकडची पोरं प्रोजेक्टच्या वेळी हेच घेऊन येतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी इन्स्टॉलचं. तुमच्या गाईडनी दिलेल्या नोट्समध्ये ३२ बिटच्या लायब्ररी शोधा, ॲस्ट्रोकॉन्डा (खगोलशास्त्राच्या सॉफ्टवेअरचा जुना संच) टाका असलं काही असेल तर त्या बाजूला ठेवा, तो रस्ता आता बंद झालाय. आयरॅफ मूळ अमेरिकेतल्या टूसॉनच्या वेधशाळेच्या लोकांनी लिहिलेलं, २०१३ नंतर तिथलं नवीन काम जवळजवळ थांबलं, पण जगभरच्या वापरणाऱ्यांनीच ते पुढं सांभाळलंय आणि आज ६४ बिटवर व्यवस्थित चालतं. विंडोजवर थेट बसवायच्या नादाला लागू नका, विंडोजच्या आतच लिनक्स चालवायची डब्ल्यूएसएल नावाची सोय आहे ती वापरा. पॉवरशेल ॲडमिन म्हणून उघडा, डब्ल्यूएसएल लिहून एक स्पेस, दोन डॅश आणि इन्स्टॉल. मशीन रीस्टार्ट झालं की आत उबुंटू लिनक्स मिळतं. मग सुडो ॲप्ट अपडेट, सुडो ॲप्ट इन्स्टॉल आयरॅफ, एवढंच. मध्येच लाईट गेली किंवा मोबाईलचं नेट तुटलं तर घाबरू नका, तीच कमांड परत द्या, पुढं चालू होतं. डेटा मात्र सी ड्राईव्हवर ठेवू नका, उबुंटूच्या होम फोल्डरमध्ये कॉपी करा, नाहीतर सगळं रखडत चालतं. आणि फोल्डरच्या नावात स्पेस नको, मराठी अक्षरंही नकोत.

एक गोष्ट कुणी सांगत नाही आणि पोरं तिथंच अडकतात. आयरॅफ सुरू होतं, कमांड चालतात, पण ग्राफ उघडायची वेळ आली की टर्मिनलवर नुस्ता अक्षरांचा कचरा पडतो. सॉफ्टवेअर बिघडलेलं नसतं. ग्राफसाठी एक्सजीटर्म नावाचं वेगळं टर्मिनल लागतं, आयरॅफ त्यातूनच सुरू करायचं. फ्रेम, म्हणजे कॅमेऱ्याची इमेज फाईल, बघायला डीएस९ हे सॉफ्टवेअर पण टाकून घ्या.

आता खरं काम. हॅन्लेची चंद्रा दुर्बीण २ मीटरची, लडाखात ४५०० मीटर उंचीवर, आणि ती चालवतात बेंगळुरूजवळच्या होसकोट्याहून. तिच्या एचएफओएससी या स्पेक्ट्रम घेणाऱ्या यंत्राची एक फ्रेम साधारण १६ एमबीची असते, म्हणजे साध्या लॅपटॉपला अजिबात जड नाही. बायस वजा करणं, फ्लॅटनं भागणं, कॉस्मिक रे काढणं ही फ्रेमची सुरुवातीची साफसफाई कुठल्याही मॅन्युअलमध्ये सापडेल, त्यावर वेळ घालवत नाही. फक्त डिस्पॲक्सिस, म्हणजे वेव्हलेंग्थ कुठल्या दिशेला पसरलीय ते सांगणारं सेटिंग, बघून घ्या, स्पेक्ट्रम फ्रेमवर आडवा असेल तर १, उभा असेल तर २. मग अपॉल ही आयरॅफची कमांड चालवून ताऱ्याचा स्पेक्ट्रम बाहेर काढा.

माझं सगळं म्हणणं आहे ते वेव्हलेंग्थ कॅलिब्रेशनवर. अपॉलनंतर तुमच्या हातात जे येतं त्याच्या आडव्या अक्षावर फक्त पिक्सेल नंबर असतात. तो पिक्सेल म्हणजे किती अँगस्ट्रॉम (वेव्हलेंग्थचं एकक) हे, ज्याच्या रेषांची वेव्हलेंग्थ आधीच माहीत आहे अशा दिव्याच्या फ्रेमवरून ठरतं, एचएफओएससीला आयर्न-आर्गॉन आणि आयर्न-निऑनचे दिवे वापरतात. आयडेंटिफाय कमांड उघडा, दिव्याच्या स्पेक्ट्रमचा छापील नकाशा शेजारी ठेवा, ओळखीच्या रेषेवर कर्सर नेऊन एम दाबा, तिची वेव्हलेंग्थ टाईप करा. अशा पाच-सहा ठळक रेषा झाल्या की एफ दाबून फिट बघा, मग एल दाबलं की उरलेल्या रेषा तो स्वतः यादीतून शोधतो. फिटमध्ये एखादा ठिपका लांब पडला तर डी नं काढा, पण आरएमएस (फिटची सरासरी चूक) कमी दिसावा म्हणून ठिपके उडवत सुटू नका, आणि फिटची ऑर्डरही (वक्र किती वळू द्यायचा तो आकडा) वाढवत नेऊ नका, दोन्हीकडच्या टोकांना रेषा कमी असतात, तिथं फिट भलतीकडं जातो.

आणि आता तपासणी, ही कृपा करून टाळू नका. अपॉलमध्ये एक्स्ट्राज यस ठेवलं, बॅकग्राउंड फिट आणि व्हेरियन्स वेटिंग चालू ठेवलं, तर तिसऱ्या बँडमध्ये आकाशाचा स्पेक्ट्रम मिळतो. त्यात रात्रीच्या आकाशातल्या ऑक्सिजनची हिरवी रेषा असते, ती ५५७७.३ अँगस्ट्रॉमलाच यायला पाहिजे. कॅलिब्रेट केलेल्या आकाशाच्या स्पेक्ट्रममध्ये एसप्लॉट कमांडनं तिच्यावर के लावून मध्य मोजा. ती ५५७९ ला आली तर रेषा सरकण्यावरून काढलेला तुमच्या ताऱ्याचा वेग जवळजवळ ९० किलोमीटर प्रति सेकंदानं चुकलाय, ग्राफ कितीही देखणा दिसू दे.

एवढ्याशा फरकाला किती किंमत असते याचं उदाहरण आपल्याच भागात आहे. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणाला विल्यम हर्शेलचा नातू, लेफ्टनंट जॉन हर्शेल, आपल्या जमखंडीला स्पेक्ट्रोस्कोप लावून बसला होता आणि सूर्याच्या ज्वाळांमध्ये त्याला उजळ रेषा दिसल्या. त्या ग्रहणात दिसलेली पिवळी रेषा सोडियमचीच असं बऱ्याच जणांना वाटलं. नीट मोजल्यावर कळलं की सोडियमच्या जोडरेषा ५८९० आणि ५८९६ ला आहेत, ही ५८७६ ला आहे, म्हणजे दुसरंच काहीतरी, आणि तो निघाला हीलियम. जमखंडी तुमच्यापासून लांब नाही, मला तर वर्गात हे सांगताना दरवेळी अंगावर काटा येतो.

हवेतल्या आणि निर्वातातल्या वेव्हलेंग्थचाही घोळ होतो. हायड्रोजन अल्फा हवेत ६५६२.८, निर्वातात ६५६४.६. स्लोन या मोठ्या आकाश-सर्व्हेचे स्पेक्ट्रम निर्वातातले असतात, तुमच्या दिव्याची यादी बहुतेक हवेतली असेल, दोन्ही एका ग्राफवर लावताना आधी बदलून घ्या. आणि वेग काढणार असाल तर पृथ्वीच्या स्वतःच्या चालीची दुरुस्ती आरव्हीकरेक्टनं करा, ती ३० किलोमीटर प्रति सेकंदापर्यंत जाते.

मग पायथन? जरूर शिका, ॲस्ट्रोपाय आणि स्पेकयूटिल्स ही त्याची पॅकेजेस पुढं लागणारच आहेत, आणि पाईपइट तर पुष्कळ यंत्रांचा डेटा जवळपास आपोआप काढून देतं. पण ते प्रत्येक यंत्रासाठी वेगळं बसवलेलं असतं, तुमचं यंत्र त्याच्या यादीत आहे का ते आधी बघा. माझा सल्ला, पहिला तारा आयरॅफमध्ये हातानं करा, दुसऱ्यापासून स्क्रिप्ट लिहा. हातानं केलेला असला की स्क्रिप्टनं दिलेलं उत्तर कशाशी ताडून बघायचं ते तुमच्याकडं असतं.

एवढं करूनही अडलं तर एररची पहिली ओळ, उबुंटूची आवृत्ती आणि दिव्याच्या फ्रेमचा हेडर खाली टाका. नुस्तं चालत नाही म्हणून कळत नाही बघा.