इंग्रज कादंबरीकार जेन ऑस्टिनने लग्न का केलं नाही? टॉम लेफ्रॉयमुळे का?

नाही, टॉममुळे नाही. त्या दोघांच्या प्रेमावरचा 'बिकमिंग जेन' हा सिनेमा मीही पाहिलाय, बघायला छान आहे, पण त्यात राईचा पर्वत केलाय.

टॉमचं प्रकरण एवढंच, की १७९५ च्या ख्रिसमसला तो हॅम्पशायरमध्ये काका-काकूंकडे आला होता, दोघंही विशीतले, आणि काही नाचाच्या पार्ट्यांमध्ये भेटले. जेनने कॅसांड्राला, म्हणजे मोठ्या बहिणीला, पत्रात स्वतःच मजेत कळवलंय की आम्ही दोघं नाचताना आणि शेजारी बसताना अगदी लाज सोडून वागलो, आणि वर त्याची एकच खोड सांगते, की त्याचा कोट फारच फिकट रंगाचा आहे! पैसा दोन्हीकडे नव्हता, त्यामुळे घरच्यांनी त्याची रवानगी केली. पुढे तो आयर्लंडचा सरन्यायाधीश झाला आणि म्हातारपणी पुतण्याजवळ कबूल केलं की हो, प्रेम होतं, पण ते पोरवयातलं. तिला वाईट वाटलं असेलच, पण १७९६ च्या ऑक्टोबरमध्ये तिने 'प्राइड अँड प्रेज्युडिस' या कादंबरीचा पहिला खर्डा लिहायला घेतला आणि पुढच्या ऑगस्टपर्यंत हातावेगळाही केला. झुरत बसलेल्या बाईचं हे काम वाटतं का तुम्हाला?

खरी गोष्ट १८०२ ची आहे आणि तिच्यावर कोणी फारसं बोलत नाही. वडील रिटायर होऊन बाथ शहरात राहायला गेले होते, जेनला सत्तावीस पूर्ण व्हायला पंधरा दिवस होते, म्हणजे तेव्हाच्या हिशेबाने लग्नाचं वय उलटत चाललेलं. दोघी बहिणी मॅनिडाउनला मैत्रिणींकडे राहायला गेल्या होत्या आणि २ डिसेंबरला त्या मैत्रिणींच्या भावाने, हॅरिस बिग-विदरने, तिला मागणी घातली. वय २१, अंगाने दांडगा, बोलताना अडखळणारा, पण मोठ्या इस्टेटीचा वारस. असं स्थळ आपणहून चालून आलेलं, तिने हो म्हटलं. आईबापांची म्हातारपणाची सोय, कॅसांड्राला हक्काचं घर, सगळं एका शब्दात मार्गी लागत होतं. रात्र गेली आणि सकाळी तिने होकार परत घेतला. मग तिथे कुठलं थांबणं, दोघी तडक गाडीत बसून थोरल्या भावाकडे, जेम्सकडे, स्टीव्हेंटनला आल्या आणि आम्हाला उद्याच्या उद्या बाथला पोचव म्हणून हटून बसल्या. तो पाद्री, रविवारचं प्रवचन तोंडावर, बिचाऱ्याला बदली माणूस शोधावा लागला.

त्या रात्री तिच्या मनात काय चाललं होतं ते कागदावर कुठेच नाही, कॅसांड्राने नंतर बरीचशी पत्रं जाळून टाकली. पण १८१४ मध्ये भाचीला, फॅनीला, लिहिताना ती स्वच्छ सांगते की प्रेम नसताना लग्न करण्यापेक्षा दुसरं काहीही सोसलेलं परवडलं. मला तरी यातच उत्तर दिसतं. आणि एक गोष्ट लोक विसरतात, ती म्हणजे बाळंतपणं. फॅनीची आई, म्हणजे जेनची वहिनी, १८०८ मध्ये अकराव्या बाळंतपणानंतर थोड्याच दिवसांत गेली. धाकट्या भावाची, चार्ल्सची, बायको १८१४ मध्ये बाळंतपणातच गेली. हॅरिसने दुसऱ्या मुलीशी लग्न केलं आणि त्यांना दहा मुलं झाली, आता एवढ्या रगाड्यात 'एमा'सारखी कादंबरी लिहून झाली असती का, तुम्हीच सांगा.

अर्थात फुकटात काही मिळालं नाही. १८०५ मध्ये वडील गेले आणि आई, दोघी बहिणी भावांच्या पैशांवर आल्या, आज इथे तर उद्या तिथे, १८०९ मध्ये एडवर्ड या भावाने, म्हणजे फॅनीच्या वडिलांनी, चॉटन गावातलं घर दिलं तेव्हा कुठे बूड टेकलं. स्वतःची कमाई म्हणाल तर एका प्रकाशकाने १८०३ मध्ये १० पौंडांना कादंबरी घेतली आणि छापलीच नाही, शेवटी तेवढेच पैसे परत मोजून ती सोडवून घ्यावी लागली. 'प्राइड अँड प्रेज्युडिस'चे हक्क तिने ११० पौंडांना विकले, मागितले होते १५०. हयातीतली सगळी कमाई सहाशे-साडेसहाशे पौंडांच्या घरात. लग्न न झालेल्या बायकांना गरीब राहायची वाईट खोड असते असा टोमणा तिने फॅनीलाच मारलाय, मरायच्या चार महिने आधी, १८१७ मध्ये.

तेव्हा ती आजारीच होती. मे महिन्यात उपचारासाठी तिला विंचेस्टरला हलवलं तेव्हा कॉलेज स्ट्रीटवर राहायची जागा बघून दिली ती एलिझाबेथ हीथकोट नावाच्या बाईने, आणि ती भेटायलाही यायची. ही एलिझाबेथ म्हणजे हॅरिसची सख्खी बहीण. त्या घराशी संबंध तुटले नव्हते, आणि या सगळ्यात मला सगळ्यात जास्त आश्चर्य वाटतं ते याचंच.