पिंक फ्लॉइड या ब्रिटिश रॉक बँडचा 'ऑब्स्क्युअर्ड बाय क्लाउड्स' हा अल्बम घाईत उरकलेला म्हणून बाजूला टाकला जातो. तो खरंच इतका सुमार आहे का?

सुमार मुळीच नाही. पण तो बाजूला पडला याचं नवलही वाटत नाही.

१९७२ च्या सुरुवातीला बँड 'डार्क साइड ऑफ द मून' या पुढच्या अल्बमची गाणी कार्यक्रमांत वाजवून घोटून घेत होता. मध्येच दिग्दर्शक बार्बे श्रोडरच्या 'ला व्हॅले' चित्रपटाचं काम आलं. त्याच्या 'मोर' या चित्रपटाचं संगीत १९६९ मध्ये यांनीच केलं होतं. मग फेब्रुवारी-मार्चमध्ये, जपान दौऱ्याच्या अलीकडे-पलीकडे जे जेमतेम दोन आठवडे मिळाले, त्यात पॅरिसजवळच्या हेरूव्हिलच्या शातोमधल्या (जुन्या हवेलीतल्या) स्टुडिओत सगळं रेकॉर्ड झालं. स्टॉपवॉच लावून प्रसंगांच्या लांबीनुसार तुकडे बेतायचे, असा कारभार. जूनमध्ये अल्बम आला. ब्रिटनमध्ये सहाव्या क्रमांकावर गेला, अमेरिकेत ४६ वर थांबला. परीक्षणं संमिश्र आली.

आणि नऊ महिन्यांनी, मार्च १९७३ मध्ये, 'डार्क साइड' आला! त्यानंतर या अल्बमबद्दल जे लिहिलं गेलं ते बहुतेक 'दोन मोठ्या कामांमधला भरणा' याच सुरात. मला यातच खोट दिसते. बँडच्या वीस-वीस मिनिटांच्या रचनांची सवय लागलेल्या कानांनी इथे पसारा शोधला आणि तो नाही म्हणून नाक मुरडलं. घाईचा फायदा नेमका इथेच झालाय: पसरायला वेळच नव्हता. दहा तुकडे, त्यातला एकही सहा मिनिटांवर जात नाही.

'फ्री फोर' ऐका. चाल टाळ्या वाजवत म्हणावी अशी, आणि शब्द म्हातारपण, मरण आणि युद्धात गेलेल्या बापाचे. बँडचा बासवादक आणि गीतकार रॉजर वॉटर्सचे वडील १९४४ मध्ये इटलीत अँझिओला मारले गेले. ती जखम पुढे 'द वॉल' या अल्बमभर वाहते, पण इथे ती हसत-हसत येऊन जाते. अमेरिकेतल्या एफएम रेडिओवर हे गाणं बऱ्यापैकी वाजलंही. 'चाइल्डहूड्स एंड' गिटारवादक डेव्हिड गिलमोरने एकट्याने लिहिलंय, आणि त्याच्या सुरुवातीच्या ठेक्यात मला तरी 'डार्क साइड'मधल्या 'टाइम'ची चाहूल लागते. शीर्षकाच्या तुकड्यातला व्हीसीएस-३ सिंथेसायझरचा घुमणारा सूर तर पुढे काय येणार ते सरळ सांगूनच टाकतो.

घाई कुठे दिसतच नाही असं नाही. 'मडमेन' म्हणजे 'बर्निंग ब्रिजेस'चीच चाल शब्द काढून पुन्हा वापरलेली. 'स्टे' मला आजही पुळचट वाटतं.

वादकांनी स्वतः मात्र हा अल्बम टाकून दिला नाही. 'वॉट्स... अ द डील' गिलमोरने २००६ च्या दौऱ्यात वाजवलं. ड्रमवादक निक मेसनने २०१८ मध्ये जुन्या गाण्यांसाठी वेगळा बँड काढला, तेव्हा त्यानेही या अल्बममधले पहिले दोन तुकडे कार्यक्रमात घेतले. तुम्ही तेच दोन आधी ऐका, हेडफोन लावून, आणि मधे थांबू नका. ते एकाला एक जोडूनच ऐकायचे आहेत.