बंदूक राहू दे, आधी विहिरीचा दोर बघा

प्रश्न असा आहे: सीमेवर तणाव वाढला तर गुहागरजवळच्या घरी एकट्या राहणाऱ्या आईवडिलांच्या संरक्षणासाठी काय करून ठेवावं, बंदुकीचा परवाना काढावा का?

परवान्याचं आधी उरकतो. आपल्याकडे वाड्यांमधून दिसणाऱ्या बंदुका बहुतेक शेतीसंरक्षणाच्या, पिकाच्या राखणीसाठी. भारतीय न्याय संहितेची कलमं 34 ते 44 स्वसंरक्षणाचा हक्क देतात खरी. पण कलम 37 प्रमाणे पोलिसांची मदत घ्यायला वेळ असेल तर तो हक्क उरत नाही, आणि गरजेपेक्षा जास्त इजा करता येत नाही. म्हाताऱ्या माणसांना आतून घट्ट अडसर आणि शेजारी ऐकू जाईल अशी शिट्टी जास्त उपयोगी.

खरं अडतं विजेवाचून. 3 जून 2020 च्या निसर्ग वादळानंतर रायगड-रत्नागिरीतल्या कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. विहिरीत पाणी, पण पंप बंद. युद्धात उपकेंद्र बंद पडलं तरी हेच होणार. रहाट काढून टाकला असेल तर एक लोखंडी कप्पी बसवून घ्या. दोर विहिरीच्या खोलीपेक्षा तीन मीटर जास्त, नायलॉनचा, 12 मिलिमीटर जाडीचा. बारीक दोर हात कापतो, काथ्याचा पावसात कुजतो. पोहरा पाच-सात लिटरचाच घ्या. पंधरा लिटरची बादली सत्तरीतल्या माणसाला ओढवत नाही.

पाणी शुद्ध करायला 1000 लिटरला 2.5 ग्रॅम ब्लीचिंग पावडर. विहिरीचा व्यास मीटरमध्ये मोजा. व्यास गुणिले व्यास गुणिले पाण्याची खोली गुणिले 785, एवढे लिटर. तीन मीटर व्यास आणि चार मीटर पाणी म्हणजे साधारण 28,000 लिटर, पावडर 70 ग्रॅम. ती थेट विहिरीत टाकू नका. बादलीत आधी थोड्या पाण्यात कालवा, मग पाऊण बादली पाणी घालून ढवळा, दहा मिनिटं चुना खाली बसू द्या आणि वरचं पाणीच विहिरीत सोडा. तळचा चुना गेला तर पाणी जड होतं. नंतर पोहरा खालीवर करून पाणी हलवा, तासभर थांबा. आपल्या दमट हवेत उघड्या पुडीतल्या पावडरीचा जोर महिन्या-दोन महिन्यांत उतरतो, म्हणून घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात थोडीच ठेवा. वास उडाला असेल तर फेकून द्या.

आता हवाई हल्ल्याच्या वेळी अंधार पाळण्याचं. 7 मे 2025 च्या नागरी संरक्षणाच्या देशव्यापी सरावात रत्नागिरी आणि सिंधुदुर्गही होते. अशा वेळी लोक मेन स्विच पाडतात आणि निर्धास्त होतात. पण मेन पाडला की इन्व्हर्टर आपोआप चालू होतो आणि पडवीतला दिवा जळतच राहतो! इन्व्हर्टर वेगळा बंद करायचा. अंगणातला सौर दिवा तर अंधार पडला की स्वतःच लागतो, त्यावर पोतं टाका. उजेडाची तिसरी गळती छपरातल्या काचेच्या कौलाची. खालून दिसत नाही, वरून ते चौकोनी कंदिलासारखं दिसतं. आतून काळं कापड खिळवा.

भोंगा खालीवर होत वाजला तर इशारा, एकसुरी वाजला तर धोका टळला. दूरच्या वाडीत भोंगा पोचत नाही. देवळाची घंटा कशी वाजवायची ते पोलीस पाटलांशी बोलून आधीच ठरवा. आसरा कौलांखाली नको, स्लॅबची खोली असेल तिथे, खिडकीपासून लांब. बॅटरीवरचा रेडिओ ठेवा, सेल मात्र बाहेर काढून. आत राहिले की पाझरतात.

किनाऱ्यावर घर आहे म्हणून शेवटचं. 1993 च्या मुंबई बॉम्बस्फोटांची स्फोटकं रायगडच्या किनाऱ्यावर, शेखाडीलाच उतरली होती. अनोळखी होडी दिसली तर जवळ जाऊ नका, नौदलाच्या बोटींचे व्हिडिओ टाकू नका. होडीवरचा क्रमांक, रंग, दिशा, वेळ लिहून 1093 (सागरी सुरक्षा) किंवा 112 ला कळवा. समुद्रात असाल तर तटरक्षक दलाचा 1554.